घरच्यांचं बाक

क्वार्नसेलेच्या नगरपालिकेत दर एप्रिलला एक कार्यक्रम होतो. त्याला समारंभ म्हणवत नाही, कारण समारंभाला निदान कुणीतरी इस्त्रीचे कपडे घालून येतं. इथे डाग्नी सेल्स्त्रोम कोपराला विरलेला निळा स्वेटर घालून उभी राहते, सरल्या वर्षाचा लेखापरीक्षण अहवाल वाचते, ‘अंतर्गत नियंत्रण अधिक बळकट करण्यात यावे’ या वाक्यापाशी चष्मा सारखा करते, आणि शेवटी शिफारस करते की कार्यकारी समितीला सरल्या वर्षाच्या जबाबदारीतून मोकळीक द्यावी, म्हणजे त्या वर्षाबद्दल तिला पुढे जाब द्यावा लागत नाही. सभाध्यक्ष विचारतात, मोकळीक द्यायची का? सभागृह म्हणतं, हो. मग सगळे कॉफी प्यायला जातात. दालचिनीचे पाव त्या दिवशी जरा मोठे असतात, एवढाच काय तो फरक.

ते नियंत्रण इतक्या वर्षांत बळकट व्हायचं सोडाच, त्याची साधी तब्येतही सुधारली नव्हती. शाळेचं छप्पर दोनदा बांधून झालं, तेव्हा हेच वाक्य. कुणाच्या तरी मेव्हण्याला विनानिविदा रस्त्यावरचा बर्फ काढायचं काम मिळालं, तेव्हाही हेच. पालथ्या घड्यावर पाणी ओतून ओतून डाग्नीचा हात दुखायला लागला होता. दर वर्षी ती ठरवायची की आता पुरे, आणि दर वर्षी पक्ष म्हणायचा, तुझ्याशिवाय आहे कोण?

लेखापरीक्षक म्हणजे कुणी मोठे हिशेबतज्ज्ञ नव्हेत. आकडे बघायला किनाऱ्यावरच्या शहरातून एक फर्म येते. तिची शिकली-सवरलेली मुलं दोन दिवस राहतात, गावातल्या एकुलत्या पिझ्झावाल्याकडे जेवतात आणि निघून जातात. पण शेवटी ‘हो’ की ‘नाही’ हे म्हणायचं असतं गावातल्याच पाच माणसांनी, पक्षांनी नेमलेल्या. डाग्नी त्यांची प्रमुख. पोस्ट बंद पडेपर्यंत ती पोस्ट सांभाळायची. पाचांत तिच्या खालोखाल विदार, निवृत्त ड्रायव्हिंग मास्तर. आयुष्यभर शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून दुसऱ्या ब्रेकवर पाय ठेवायची त्याला इतकी सवय झाली होती, की अहवालात कुठे जरा वेग आला की त्याचा पाय आपोआप दाबला जायचा. “अस्वीकारार्ह” लिहिलं की विदार म्हणणार, “‘खेदजनक’ म्हटलं तर?”

या वर्षीचं प्रकरण मात्र खेदजनक नव्हतं. सरकारकडून वृद्धनिवासासाठी पैसे आले होते, रात्रपाळीला दोन माणसं ठेवता यावीत म्हणून. त्या पैशांतून बर्फावरच्या हॉकीच्या हॉलमध्ये बर्फ गोठवायचं नवीन यंत्र आलं. कार्यकारी समितीचा प्रमुख हेन्निंग ब्रॉद याने ते केलं आणि समितीने माना डोलावल्या. पुढे ऑक्टोबरात भर सभेत कुणीतरी विचारलं, तेव्हा हेन्निंगने उभं राहून सांगितलं की वृद्धनिवासात रात्री दोन माणसं असतात. होतं एकच.

यात शोधून काढण्यासारखं काही नव्हतं. सगळ्या गावाला ठाऊक होतं. यंत्राचं उद्घाटन झालं तेव्हा हेन्निंगने सगळ्यांना गरम सॉसेज वाटले होते. रात्रपाळीच्या बायकांनी ते खाल्ले, नगरसेवकांनी खाल्ले, डाग्नीनेही खाल्ला. मोहरी जास्त झाली होती म्हणून तिने नाक मुरडलं होतं, तेवढंच. पैसे कुठून आले हे कुणी विचारलं नाही, कारण विचारायला उत्तर माहीत नसावं लागतं. उणे तीसच्या थंडीत पोरांना जायला तेवढी एकच जागा आहे या गावात, आणि तिथलं जुनं यंत्र खोकत होतं. हेन्निंगने स्वतःच्या खिशात एक क्रोनाही टाकला नाही. अडचण तीच होती. माणसाने चोरी केली असती तर बोलायला सोपं गेलं असतं.

डिसेंबरच्या सुरुवातीला एका रात्री वृद्धनिवासात आल्गोत पडला. रात्रपाळीची एकटी बाई दुसऱ्या टोकाला एका आजीपाशी अडकली होती. तो खाली आहे हे सकाळची माणसं आली तेव्हा कळलं. थंडगार फरशीवर, हात घंटीच्या दोरीकडे केलेला. किनाऱ्यावरच्या इस्पितळात नेलं, पण ते उगाच नेल्यासारखं होतं.

आता आल्गोत डाग्नीचा कोण, हे सांगायला हवं.

दोघांची घरं समोरासमोर, मध्ये रस्ता. दोघांनीही एकेकदा लग्न करून पाहिलं होतं आणि दुसऱ्यांदा त्या भानगडीत पडायचं नाही यावर दोघांचं एकमत होतं. म्हणूनच जमलं, असं आल्गोत म्हणायचा. गुरुवारी वाटाण्याचं सूप आणि पॅनकेक त्याच्याकडे, शनिवारी सौना तिच्याकडे. अंगणात साचलेला बर्फ उडवायचं यंत्र दोघांत एक. कुठल्या कागदावर त्यांचं नातं नव्हतं आणि त्यांनी कधी कुणाला सांगितलंही नाही, कारण न सांगताच सगळ्यांना माहीत होतं. वर्षानुवर्षं गावातली माणसं जेवायला बोलवताना दोघांना मिळून एकच निरोप द्यायची. हेन्निंगही. झटका येऊन आल्गोतची उजवी बाजू गेली तेव्हा तो वृद्धनिवासात गेला, आणि डाग्नी गुरुवारचं सूप डब्यातून तिकडे न्यायला लागली.

तो वारल्यावर त्याची मुलगी, सीव, दक्षिणेतून आली. अंत्यविधीचं सगळं ठरवताना तिने डाग्नीला फोन केला आणि म्हणाली, तू आमच्याबरोबर पुढच्या बाकावर बसायचंस. चर्चमध्ये पुढचं उजवीकडचं बाक घरच्यांचं.

डाग्नीने त्या फोनला उत्तर द्यायला फार वेळ घेतला. तिला एक गोष्ट दिसत होती, आणि ती एकदा दिसल्यावर दिसेनाशी होईना. ती पुढच्या बाकावर बसली की ती आल्गोतची झाली. आल्गोतची झाली की या प्रकरणात तिचे हितसंबंध आले, आणि हितसंबंध आले की तिने उठून बाहेर जायचं. नियमच आहे तसा. मग अहवाल विदारच्या हातात. विदार ब्रेक दाबणार. ‘खेदजनक’ येणार, ‘बळकट करण्यात यावे’ येणार, मोकळीक मिळणार आणि पाव वाटले जाणार. आल्गोत त्या फरशीवर पडला त्याचं उत्तर कुणालाच द्यावं लागणार नाही. एकदा, फक्त एकदा, या सभागृहाने ‘नाही’ म्हणावं एवढीच तिची इच्छा उरली होती. बाकी सगळ्या गोष्टींना ती कंटाळली होती.

“मी मागे बसते,” ती सीवला म्हणाली, आणि का ते समजावून सांगितलं.

सीवने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “म्हणजे बाबांसाठी तू बाबांना ओळखत नाहीस.”

“एप्रिलपर्यंत.”

“बरं. तुझं तू बघ.”

डाग्नी शेजाऱ्यांच्या रांगेत बसली. शेजारीण जेवढी रडते तेवढीच रडली. शवपेटीपाशी जाऊन फूल ठेवताना तिने हात पेटीवर टेकवलाही नाही, कारण विदार बघत होता, आणि शेजारीण हात टेकवत नाही. नंतर कोलंबी पेरलेला सँडविच केक खाताना कुणीतरी तिला म्हणालं, सावर हं स्वतःला. तिने कोरडेपणाने विचारलं, मी कशाला? तो माणूस ओशाळला आणि कोलंबीचा तुकडा शोधायला लागला.

मार्चमध्ये पाच जणांची बैठक झाली. डाग्नीने मसुदा टेबलावर ठेवला: समितीला मोकळीक देऊ नये. विदारने तो वाचला, पुन्हा वाचला. म्हणाला, असं आपल्याकडे कधी झालेलं नाही. ताशेरे ओढू, कडक ओढू, पण मोकळीकच नाकारायची? हेन्निंगशी उद्या दुकानात गाठ पडणार आहे. डाग्नी म्हणाली की रात्री एक माणूस होतं आणि हेन्निंगने सभेला दोन सांगितले. यात कुठला शब्द मऊ करायचा ते तूच सांग. विदारने शोधला, त्याला सापडेना. एकेकाने सह्या केल्या. शेवटी विदारने पेन घेतलं आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, “मी तुला काही विचारत नाही, डाग्नी.”

“नको विचारूस.”

“तेच म्हणतोय. नाही विचारत.” आणि त्याने सही केली.

अहवाल बाहेर आला तशी गावात कुजबुज सुरू झाली. कुणी तिच्यावर ओरडलं नाही. ती इथली रीत नाही. लोक फक्त हवामानावर जरा जास्त बोलायला लागले. एका शनिवारी कचरा वेगळा करायच्या जागी हेन्निंग भेटला. तो पूर्वीसारखाच होता, गोंडा असलेली टोपी, मोठं हसू. बाटल्या एकेक करून टाकत तो म्हणाला की यंत्र बसवलं नसतं तर हॉल बंद पडला असता, आणि पोरं संध्याकाळी पेट्रोल पंपावर काय काय करतात हे तिला माहीत आहे. मग हिरव्या बाटल्या संपल्यावर म्हणाला, “आल्गोतला विचारलं असतंस ना, तर तो यंत्रच घे म्हणाला असता.”

हे खोटं नव्हतं, म्हणूनच तिला ते लागलं. आल्गोत कित्येक हिवाळे त्या हॉलमध्ये फुकट राबला होता. बर्फ गुळगुळीत करायची ती अजस्र गाडी तोच चालवायचा, पोरं त्याला बघून काठ्या आपटायची. उद्घाटनाला तो चाकाच्या खुर्चीत बसून आला होता आणि नव्या बर्फाकडे बघताना त्याचा चांगला डोळा ओला झाला होता.

“त्याला कुणी विचारलंच नाही ना, हेन्निंग,” ती म्हणाली. “सभेलाही नाही विचारलंत.” हेन्निंगने मान हलवली, आणि बाटल्यांची पिशवी घडी करून खिशात घातली.

सभेच्या दिवशी रस्त्याकडेचे ढिगारे वितळून काळपट पाणी वाहत होतं, आणि नगरपालिकेच्या दारात बुटांना लागलेली खडी सगळीकडे पसरली होती. सभागृहाच्या मागच्या भिंतीला लोकांसाठी बाकं लावलेली असतात. एरवी त्यांवर वर्तमानपत्राचा बातमीदार आणि ऊब शोधत आलेला एखादा म्हातारा. आज बाकं भरली होती. पहिल्या बाकावर सीव आणि तिचा नवरा होते. ती येणार हे डाग्नीला माहीत नव्हतं. सीवने तिच्याकडे पाहून मान हलवली, ओळखीच्या माणसाकडे पाहून हलवतात तेवढीच.

डाग्नीने अहवाल वाचला. आवाज स्थिर होता. ‘मोकळीक देऊ नये’ या शब्दांपाशी कुणाचीही खुर्ची वाजली नाही. मग सभाध्यक्षांनी ते म्हटलं जे दर वर्षी म्हणतात: ज्यांचे या विषयात हितसंबंध आहेत त्यांनी बाहेर जावं. गाव एवढंसं, माणसं थोडी. जो तो कुठल्यातरी समितीवर, नाहीतर समितीवरच्या माणसाचा नवरा, नाहीतर बहीण. एकेक जण उठायला लागला. दर वर्षी यावर विनोद होतो की शेवटी सभागृहात फक्त फुलझाडाची कुंडी उरेल. आज कुणी विनोद केला नाही. सुमारे अर्धं सभागृह खुर्च्या सरकवत दाराकडे निघालं.

हेन्निंग सगळ्यांच्या शेवटी उठला. दाराशी जाऊन थांबला.

“अध्यक्षांची परवानगी असेल तर एक विचारतो,” तो म्हणाला. “आम्ही बाहेर चाललोय, ते योग्यच आहे. पण लेखापरीक्षकांना कुणी विचारलं का, त्यांचे हितसंबंध आहेत का म्हणून? अहवालात आल्गोतचा उल्लेख आहे. डाग्नी, आल्गोत तुझ्या जवळचा होता का?”

त्याच्या आवाजात खोच नव्हती. प्रश्न विचारायचाच होता. कुणीही विचारला असता. डाग्नीने उत्तर हिवाळाभर तयार ठेवलं होतं.

“तो माझा शेजारी होता,” ती म्हणाली. “आमच्यात बर्फ उडवायचं यंत्र एक होतं.”

सभागृहात कुणी हललं नाही. त्या खोलीत असा एकही माणूस नव्हता ज्याला हे खोटं आहे हे माहीत नव्हतं. नगरसेविका मायलीस, जी ग्रंथालय सांभाळते आणि जिने दर नाताळला दोघांना मिळून एकच कार्ड पाठवलं होतं, ती टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत होती. विदार स्वतःच्या बोटांकडे. बातमीदारही गावचाच, त्याने पेन बाजूला ठेवलं. सगळ्यांनी मूग गिळले. आणि हेन्निंग, जो आल्गोतच्या टेबलावर बसून वाटाण्याचं सूप प्याला होता आणि आणखी वाढ म्हणाला होता, तो तिच्याकडे बघून हलकेच हसला. ते हसणं प्रेमळ होतं.

“ठीक आहे,” तो म्हणाला. “मला एवढंच विचारायचं होतं.” आणि त्याने दाराला हात घातला.

डाग्नीला वाटलं होतं की हा क्षण निभावला की तिला बरं वाटेल. तसं झालं नाही. ती शांतता तिच्या ओळखीची होती. सॉसेज वाटले तेव्हा हीच शांतता होती. ऑक्टोबरात हेन्निंग ‘दोन’ म्हणाला तेव्हा याच खोलीत, याच खुर्च्यांवर बसून, या सगळ्यांनी हीच तोंडं करून पाण्याच्या ग्लासांकडे पाहिलं होतं. कुणी वाईट नव्हतं. एकमेकांना सांभाळून घेत होते. असं सांभाळून घेता घेता आल्गोत फरशीवर पडून राहिला होता. आणि आता त्याच मायेने हे लोक तिलाही सांभाळून घेत होते, आणि ती घेऊ देत होती. तिला स्वतःची किळस आली.

तिने मागे पाहिलं. सीव तिच्याकडे बघत नव्हती. खाली मान घालून कोटाचं बटण फिरवत बसली होती.

“थांब, हेन्निंग,” डाग्नी म्हणाली.

तो थांबला.

“मी आत्ता खोटं बोलले. आल्गोत माझा होता. कित्येक वर्षं. तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे आणि तुम्ही कुणी बोलला नाहीत. ते तुम्ही माझ्या भल्यासाठी केलंत, ते कळतंय मला. पण त्याचं वाईट याच गप्प बसण्यापायी झालं.” तिला आणखी काही बोलायचं होतं, पण ते काय होतं ते आठवेना. “इतिवृत्तात माझे हितसंबंध होते असं लिहा. मी जाते बाहेर.”

अहवाल तिने विदारच्या पुढ्यात ठेवला. विदारचा चेहरा पांढरा पडला होता. गाडी उतारावर आहे आणि ब्रेक शिकाऊ माणसाने सोडून दिलाय, असा.

बाहेर व्हरांड्यात हितसंबंधवाले कॉफीचे थर्मास आणि पावांच्या परातीभोवती उभे होते. त्यांनी तिला पाहून जागा करून दिली. एकाने ढिगारे यंदा लवकर वितळतायत असं सांगितलं. हेन्निंगने एक कप भरून तिच्या हातात दिला.

“कशाला केलंस गं असं?” तो हळूच म्हणाला. “मी विषय मिटवला होता.”

“म्हणूनच,” ती म्हणाली.

थोड्या वेळाने तो खिडकीपाशी जाऊन पाठमोरा उभा राहिला आणि हातातला पाव त्याने खाल्ला नाही. डाग्नीला त्याची कीव आली, आणि आपल्याला त्याची कीव येतेय याचाही कंटाळा आला.

सभागृहाचं दार उघडलं आणि सीव बाहेर आली. आतून विदारचा आवाज येत होता, पण शब्द कळत नव्हते.

“आत चल,” सीव म्हणाली.

“मला बसता येत नाही आत.”

“लेखापरीक्षक म्हणून नाही. मागची बाकं लोकांसाठी आहेत.” तिने डाग्नीच्या हातातला कप काढून घेतला आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. “आमच्या बाकावर जागा आहे. घरच्यांच्या.”

डाग्नी तिच्यामागून गेली. सीवच्या नवऱ्याने सरकून जागा केली. सभाध्यक्षांनी मान वर करून पाहिलं, क्षणभर विचार केला आणि नियमाचं पुस्तक उघडायचं टाळलं.

विदार उभा होता. तो म्हणाला की पाच जणांनी सही केली, एक बाजूला झाली, चार उरल्या. कुणी त्याला विचारलं, मग शिफारस बदलायची का? ‘खेदजनक’ म्हणता येईल का? तो प्रश्न डाग्नीने त्याच्या तोंडून इतक्यांदा ऐकला होता की तिने डोळे मिटून घेतले.

“नाही,” विदार म्हणाला. “मी शोधून पाहिलं. रात्री एक माणूस होतं आणि सभेला दोन सांगितले. यात मऊ करता येईल असा शब्द नाहीये.” आणि तो खाली बसला.

मतदान झालं. एरवी ‘हो’ असं एकच पुटपुटणं होतं. या वेळी कुणीतरी मतमोजणी मागितली आणि प्रत्येकाला आपल्या नावाला उभं राहून म्हणावं लागलं. अकरा जण उरले होते. पहिला ‘हो’ म्हणाला. दुसरी ‘नाही’. हेन्निंगच्या स्वतःच्याच पक्षाचा एक जण, पोरांना हॉकी शिकवणारा, उभा राहून बराच वेळ घसा खाकरत राहिला आणि ‘नाही’ म्हणाला. शेवटचं नाव मायलीसचं होतं, आणि तोवर पाच पाच झाले होते. मायलीस उभी राहिली. तिने मागच्या बाकाकडे पाहिलं.

“हो,” ती म्हणाली.

सहाविरुद्ध पाच. मोकळीक देण्यात आली. बाहेरच्यांना आत बोलावलं.

ती सगळी गर्दी खुर्च्यांकडे परतत असताना मायलीस टेबलं ओलांडून मागे आली. तिचे डोळे लाल होते. “तू गप्प राहिली असतीस तर मी ‘नाही’ म्हणणार होते, डाग्नी. खरंच. पण तू सांगितलंस, आणि मग मला वाटलं हा सूड दिसेल. माणूस मेलाय तिचा, म्हणतील, म्हणून गावाला वेठीला धरलं.”

“माहीत आहे,” डाग्नी म्हणाली. तिला खरंच माहीत होतं. तोंड उघडायच्या आधीही माहीत होतं.

मायलीस जागेवर गेली. डाग्नीने हिशेब केला तर तो साधा होता. महिनोन्‌महिने तिने आल्गोतला नाकारलं, चर्चमध्ये नाकारलं, पेटीवर हात ठेवला नाही, आणि ज्यासाठी केलं ते शेवटच्या पायरीवर स्वतःच्या हाताने घालवलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पुढच्या एप्रिलला कुणीतरी दुसरं उभं राहील, निळा नाही तर करडा स्वेटर घालून. वृद्धनिवासात आज रात्रीही एकच बाई असेल.

“पाच,” सीव शेजारून म्हणाली.

“सहा लागत होते.”

“हो. पण बाबा काय म्हणाले असते? गोलरक्षक सोडला तर बर्फावर पाचच खेळतात.” तिने बाकावर ठेवलेल्या डाग्नीच्या हातावर हात ठेवला. “गुरुवारी मी घर आवरायला घेणार आहे. तू येशील ना? सूप मी करते.”

“वाटाण्याचं?”

“मग कुठलं?”

तेव्हा डाग्नी रडली. चर्चमध्ये शेजारणीइतकं रडून बाकीचं तिने आत ठेवलं होतं, ते आता आवाज करत बाहेर पडलं, भर सभेत, घरच्यांच्या बाकावर, आणि तिने ते थांबवलं नाही. नगरसेवक आपापल्या जागी बसले होते. या वेळी कुणी ग्लासाकडे बघितलं नाही; हेन्निंगनेसुद्धा नाही. सभाध्यक्षांच्या हातात पुढचा विषय होता, तळ्याकाठच्या पोहण्याच्या जागेच्या पायऱ्यांचा. तो त्यांनी लगेच पुकारला नाही.